ओ काका, मधे खड्डा का नाहीये?

परवा पूलमधून बाहेर आलो आणि ओल्या पायांनी कपडे बदलायच्या खोलीकडे निघालो. पोहायची मला हौस वगैरे नाही, फिजिओने सांगितलंय, पाण्यात पायांवर भार येत नाही म्हणून. तर चार पावलं टाकली असतील नसतील, मागून आवाज आला, "ओ काका, थांबा! हे तुमचे पाय आहेत का?"

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार. वळून बघितलं तर सात-एक वर्षांचा पोरगा, डोक्याला घट्ट टोपी, कपाळावर गॉगल, आणि कोरड्या फरशीवर उमटलेल्या माझ्या ठशांपाशी उकिडवा बसून पंचनामा चाललेला.

"हो, माझेच."

"मधे खड्डा का नाहीये?"

आणि मला समजायला सोपं जावं म्हणून त्याने स्वतःचा ओला पाय शेजारी दाबून दाखवला. गोल टाच, मग बाहेरच्या कडेने एक बारीक पट्टी, मग चवडा, वर पाच टिकल्या. चित्रात काढतात तस्सं पाऊल. त्याच्या शेजारी माझं म्हणजे इस्त्री टेकवून ठेवल्यासारखं, वर पाच टिकल्या.

"तुम्ही जोरात टाकला असेल," तो म्हणाला. आवाजात खरीखुरी आशा होती. "हळू टाका बघू. परत ओला करून या."

आणि मी गेलो! घरचे हप्ते भरणारा, चार लोकांत बरं बोलणारा माणूस, मी परत काठावर गेलो, दोन्ही पाय बुडवले आणि चोरासारखा हळूच येऊन पाय टेकवला. का गेलो हे अजून कळत नाहीये. परत इस्त्रीच. त्याने हाक मारून आणखी दोघांना बोलावलं, मग तिघांनी आपापले ठसे माझ्या ठशांशेजारी उमटवले, बरीच चर्चा झाली, आणि शेवटी निकाल लागला, "डावा थोडा बरा आहे." एवढंच ऐकायला मी ऑर्थोकडे दोन तास बसलो होतो आणि एक्स-रे काढला होता.

मग मला वाटलं जरा शास्त्रीय बोलावं. म्हटलं, बाळा, याला फ्लॅट फूट म्हणतात. सगळ्या बाळांचे तळवे असेच सपाट दिसतात, तिथे चरबीची गादी असते, मग मोठं होता होता हळूहळू कमान तयार होते.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तुमची कधी होणार?"

(बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असं ज्याने कोणी म्हणून ठेवलंय त्याने एकाही बाळाचा तळवा उलटून बघितला नसणार. पाळण्यात सगळ्यांचे पाय माझ्यासारखेच असतात! पुढे दहा वर्षांपर्यंत बहुतेकांची कमान वर येते, माझी आली नाही, एवढाच काय तो फरक.)

मी गप्प बसलो हे बघून तो पुढे सरकला. "मग तुम्हाला पोहायला फास्ट येत असेल ना? बदकाचे पाय पण असेच असतात." मी जरा सुखावतोय तोवर, "पण तुम्ही तर काठ धरून उभे होतात." मी काठ धरून पोटऱ्या ताणत होतो, तो व्यायाम आहे, पण हे त्या तिघांना सांगून काय उपयोग.

इतक्यात त्याची आई आली. मला वाटलं सुटलो. तर ती त्याला म्हणाली, "अरे असं बोलू नये, काकांना प्रॉब्लेम आहे ना," आणि मग माझ्याकडे वळून, आजारी माणसाला विचारतात त्या आवाजात, "चालायला फार त्रास होतो का हो?" मी पोहायच्या चड्डीवर, अंगावरून पाणी निथळतंय, आजूबाजूचे चार लोक आता पायांकडे बघतायत. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझी जरा लवकर पोचते, मधे कमानीचा वळसा नाही.

मुद्दा असा आहे की मुलगा बरा हो, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाकीच्यांना काही जाणून घ्यायचं नसतं, त्यांना फक्त सांगायचं असतं. आणि सगळ्यांना सांगायचं असतं ते एकच, "सपाट पाय? सैन्यात घेत नाहीत." अरे पण मी कुठे निघालोय सैन्यात? दोन जिने चढलो की कठडा धरणारा माणूस मी! आणि सैन्याचंच काढताय तर १९४७ साली कॅनडाच्या सैनिकांच्या पायांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातच निघालं की पाय लवचिक असेल, स्नायू धडधाकट असतील तर नुसत्या सपाट तळव्याने काही अडत नाही. हे मी दर वेळी सांगतो, आणि दर वेळी समोरचा म्हणतो, हो, पण घेत नाहीत.

शाळेत तर पीटीच्या सरांनी मला संचलनातून बाहेर काढून वेगळं चालायला लावलं होतं, पाय घासतो म्हणून. पूर्ण वर्ग बघत होता. पायात अर्थातच शाळेचे सक्तीचे बंद काळे बूट. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की १९९२ साली भारतातल्या २३०० मुलांच्या ठशांचा अभ्यास छापून आला होता, बंद बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय जास्त सापडले, अनवाणी फिरणाऱ्यांत सगळ्यात कमी. म्हणजे बूटही तुम्हीच घालायला लावायचे आणि पाय घासतो म्हणून रांगेबाहेरही तुम्हीच काढायचं. आता माझे पाय बुटांमुळेच असे झाले असं काही म्हणत नाही मी, घरात वडिलांचेही असेच आहेत. पण राग येतो. येऊ दे.

दुखतं ते घोट्याच्या आतल्या बाजूला. तिथून एक स्नायुबंध खाली तळव्यात जातो, कमान उचलून धरायचं काम त्याचं, आणि माझ्याकडे तो जन्मभर ओव्हरटाइम करतोय. तासभर उभं राहिलं की तो तक्रार सुरू करतो. बुटांची टाच आतल्या कडेने झिजते. मागून बघितलं तर पाय बाहेर वळल्यामुळे जास्त बोटं दिसतात, डॉक्टर लोक याला चक्क 'टू मेनी टोज' म्हणतात, मी थट्टा करत नाहीये, खरंच तेच नाव आहे. ऐकल्यावर घरी येऊन मोजली. पाचच आहेत. ऑर्थो म्हणाले, "त्रास नसेल तर काही करायची गरज नाही." बरोबरच आहे ते, पण त्रास नसता तर मी तिथे दोन तास काय मासिकं वाचायला बसलो होतो?

आराम पडला तो फिजिओकडे. इनसोल दिले, पहिल्या दिवशी फक्त तासभर घालायचे, तळव्याखाली कोणीतरी टेनिस बॉल विसरून गेलंय असं वाटत राहतं, मग दर दिवशी थोडं थोडं वाढवायचं. ते एका बुटातून दुसऱ्या बुटात टाकायला विसरलो की तो दिवस गेला. शिवाय एक व्यायाम, बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा. बघणाऱ्याला काहीही होताना दिसत नाही आणि करणाऱ्याला घाम फुटतो. बायको विचारते, सुरू केलास का? म्हटलं पंधरा झाले. तीन महिन्यांनी संध्याकाळचं दुखणं पुष्कळ कमी झालं. कमान मात्र आली नाही, येणार नाही हे फिजिओने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तर तिकडे पूलवर. आईच्या त्या प्रश्नानंतर मला काहीतरी सिद्ध करायची खुमखुमी आली. म्हटलं, इकडे बघा रे, आणि चवड्यांवर उभा राहिलो. लवचिक सपाट पाय असेल तर चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसते, कडक असेल तर नाही. पोरगा सरळ फरशीवर पालथा पडला, गाल जमिनीला टेकवून.

"आली! आली!"

मी टाचा खाली टेकवल्या.

"गेली."

परत वर. "आली!" परत खाली. "गेली." तिघं एका सुरात. टाचा वर-खाली करायचा व्यायाम रोज तीस वेळा सांगितलाय, घरी मी बारावर थांबतो, इथे चाळीस झाले असतील. पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा म्हटलं बास आता, आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, तसाच चवड्यांवर, मान ताठ करून, मागे न बघता निघालो. निदान नवीन इस्त्र्या तरी उमटायला नकोत.

दारापर्यंत पोचलो आणि मागून परत ओरडला, "आई! काकांची आता टाच पण गेली!"