दत्तक आला म्हणून वंश तुटत नाही

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारातून आत्याचा फोन आला. "आपण मग नेमके कोणाचे रे?" आवाज रडवेला. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये सध्या फिरत असलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तिच्यापर्यंत पोचला होता. त्याचं म्हणणं असं: थुंकीची डीएनए चाचणी केली की गोत्र आणि कुळ कळतं, एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांनी ठेवलेल्या वंशावळीच्या वह्या म्हणजे थापा, आणि घराण्यात दत्तक आला असेल तर वंश तिथेच तुटला, पुढची वंशावळ खोटी.

आडनावाचं आधी उरकतो. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनं, म्हणजे पिढीजात हुद्दे होते. गावोगावी ते वेगवेगळ्या घराण्यांकडे होते, मग रक्त एक कसं? गोत्रही थुंकीत सापडत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो. काश्यप की भारद्वाज हे त्यावर लिहिलेलं नसतं. अशा चाचणीतून हरवलेली चुलत-मावस भावंडं सापडू शकतात, तेवढं मान्य.

पण दत्तकाबद्दलचं ते वाक्य मला सहन होत नाही. हे बडोद्यात लिहिता? सयाजीराव महाराज कोण होते? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले, पण शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. त्यांचा वंश खोटा, असं म्हणायची कोणाची छाती आहे? १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तर स्वच्छ सांगतो: दत्तक दिल्या दिवसापासून मूल दत्तक घेणाऱ्यांचंच.

शोध घेणाऱ्यालाही हे वाक्य चुकीच्या वाटेला लावतं. दत्तकाबरोबर बापाचं नाव बदलतं, पुष्कळदा स्वतःचंही. 'सयाजीराव' हे नाव धरून कवळाण्यात शोधलंत तर हाती काय लागणार? जन्माचं नाव हुडकायचं, म्हणजे दुसरी वंशावळ उघडते.

आमच्याकडे तेच झालं. पणजोबा दत्तक आलेले, हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत त्यांनीच मोडीत लिहून ठेवलं होतं, जन्मदात्या बापाच्या नावासकट. या वह्यांत लोक सांगतील तेच उतरतं, बायकांची नावं गळतात, हे खरंय. पण स्वतःच्या हातानं, सहीनिशी लिहिलेल्या ओळीला थाप म्हणायचं?

त्या पानाचा फोटो मी आत्याला मोठा छापून दिला. मोडी तिला वाचता येत नाही, म्हणून खाली देवनागरीत उतरवून दिलं. तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. आता तिला आजोबांच्या त्या जन्मघरी जायचंय, दिवाळीच्या आत.