‘पालकाच्या 25 पट लोह’ आमच्या पाकिटावर का नाही

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय नीट वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत: शेवगा पावडर चवीला कडू आहे, दुसऱ्या डब्यांवर ‘पालकाच्या 25 पट लोह’ छापलेलं असतं तसं आमच्या पाकिटावर नाही म्हणजे माल हलका, आणि दोन महिने घेऊनही आईंची साखर उतरली नाही, तेव्हा अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या द्रव्यांची, गोष्ट खोटी.

आधी लोहाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात शेवग्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात साधारण साडेचार मिलीग्रॅम लोह आहे, पालकात तीनच्या आसपास. म्हणजे दीडपट. मग 25 पट येतं कुठून? वाळलेली पावडर आणि पाण्याने भरलेला ताजा पालक शेजारी ठेवले, की आकडा फुगतो. साधारण चार किलो पाला सुकला की किलोभर पावडर होते. त्या हिशेबाने आमच्या तीन ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम अर्धा मिलीग्रॅम लोह बसतं, आणि मासिक पाळी चालू असलेल्या बाईची दिवसाची शिफारस आहे 29 मिलीग्रॅम. हे माहीत असताना ‘25 पट’ छापायला माझा हात धजत नाही. शेवग्याची खरी बाजू कॅल्शियमची: ताज्या पाल्यात 314 मिलीग्रॅम, पालकात 82. क जीवनसत्त्व ताज्या पाल्यात भरपूर असतं, पण सुकवताना त्यातलं बरंचसं जातं, म्हणून त्याचाही उल्लेख पाकिटावर नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे मालवणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी होते आणि तीच बरी. अगदी बरोबर! एक वाटीभर भाजीत आमच्या चमच्यापेक्षा कितीतरी जास्त पोषण आहे. परसात झाड असेल तर पावडर विकत घेऊच नका. ती पाला न मिळणाऱ्यांसाठी आहे, शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी.

अँटिऑक्सिडंट खोटे नाहीत. पाल्यात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्लोरोजेनिक आम्ल असतं. लॅबमध्ये डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण घेतात, त्यात पाल्याचा अर्क घालतात, आणि जांभळा रंग उतरून पिवळट होतो. जितका रंग उतरला तितकी ताकद. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, बघत राहावं असंच असतं. पण ती काचेची नळी आहे, आईंचं शरीर नाही. पोटात गेल्यावर त्यातलं किती रक्तात पोचतं हा वेगळाच प्रश्न. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच आकड्यांचा मोठा तक्ता 2012 मध्ये काढून टाकला, कारण त्यावरून माणसाच्या तब्येतीबद्दल अनुमान काढता येत नाही. शिवाय त्या चाचण्या बहुतेक अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कावर होतात, आणि आम्ही विकतो ती नुसती दळलेली पानं. साखरेवर माणसांत झालेले अभ्यास लहान आहेत, निष्कर्षही एकसारखे नाहीत. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. कायदा नसता तरी आम्ही ती केली नसती. कृपा करून आईंची गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. गोळी चालू असेल तरी रोज पावडर घेतात हे त्यांच्या कानावर घाला.

कडूपणा मात्र भेसळीचा नाही. मोहरीत, मुळ्यात जी झणझणीत द्रव्यं असतात त्याच जातीची शेवग्यातही असतात. आम्ही देठ काढून पाला धुतो, सावलीत जाळीवर पसरतो आणि मुठीत चुरला की कुरकुरला पाहिजे इतका वाळवतो. उन्हात टाकला तर काम लवकर उरकतं, पण रंग उडतो आणि त्यासोबत बीटा कॅरोटिनही, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आमची पावडर हिरवीगार असते ती त्यामुळे. चव आवडली नसेल तर दुधात किंवा गरम पाण्यात घेऊ नका. भाकरीच्या पिठात मळा, नाहीतर आमटी उतरवल्यावर चमचाभर घाला आणि वर लिंबू पिळा, लिंबाने लोह शोषायला मदत होते. जेवणाला लागून चहा टाळा.

एखादं पाकीट न फोडलेलं उरलं असेल तर ऑर्डरच्या पानावरूनच परत पाठवा. पूर्ण पैसे देऊ, कारण विचारणार नाही.