व्हॉल्व करंटने घट्ट करतात, त्या मेसेजबद्दल खुलासा

"हार्टचा व्हॉल्व लीक आहे? मांडीतून वायर घालून करंट देतात, तासाभरात व्हॉल्व घट्ट, गोळ्या बंद" असा मेसेज फिरतोय, परवा मीपण तो ग्रुपवर टाकला, तो चुकीचा आहे. मी कॅथलॅबमध्ये (जिथे नसांतून वायर-नळी घालून हार्टचे उपचार करतात) काम करते, काल आमच्या डॉक्टरांना विचारून नीट समजून घेतलं. कल्पना खोटी नाहीये, कोलॅजन (शरीराच्या भागांना घट्टपणा देणारं प्रोटीन) ६०-६५ अंशांच्या वर तापलं की आकसतं म्हणून मायट्रल व्हॉल्वभोवतीची (हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्वभोवतीची) कडी कॅथेटरने, म्हणजे नसेतून घातलेल्या बारीक नळीने, गरम करून आवळायची यावर संशोधन झालंय, पण रोजच्या उपचारात ते आलेलं नाही. आम्ही करंट देतो तो ठोके बिघडलेल्यांना, म्हणजे अ‍ॅब्लेशन, त्यात हार्टचा काही मिलिमीटरचा भाग जाळतात आणि व्हॉल्वची दुरुस्ती होत नाही. मांडीतून व्हॉल्वचं काम होतं हे खरं, पण ते क्लिपने, व्हॉल्वच्या पाकळ्या चिमटीत धरल्यासारख्या जोडून, नाहीतर नवा व्हॉल्व बसवून, आणि कोणाला काय चालेल ते इको (हार्टची सोनोग्राफी) वगैरे तपासण्या बघूनच ठरतं. मला खरी भीती "गोळ्या बंद"ची वाटते, रक्त पातळ करायची गोळी मनाने थांबवली तर गुठळी होऊन लकवा मारू शकतो. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करून तिथे हा टाका.