वेस्टफालियाच्या तहाने धर्माला राजकारणातून घालवलं?

एक मजकूर गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगणं तेच: "१६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं युरोपातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मासाठी एकमेकांचे गळे कापत होते. प्रागमध्ये सम्राटाच्या माणसांना खिडकीतून फेकून ठार मारलं, तिथून ठिणगी पडली. लाखो सैनिक रणांगणावर मेले. मग शहाणपण आलं. १६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला, धर्म राजकारणातून हद्दपार झाला, सार्वभौम राष्ट्रं जन्मली आणि त्यानंतर युरोपात धर्मावरून रक्त सांडलं नाही." धर्मनिरपेक्षतेचे पुरस्कर्ते हा मजकूर पाठवतात आणि तिचे विरोधकही. दोघांनाही तो सोयीचा वाटतो, हीच शंका घेण्याजोगी गोष्ट आहे.

सोपा मुद्दा आधी उरकू. "खिडकीतून फेकून ठार मारलं." २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यातून स्लावाता आणि मार्टिनित्स हे सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस फाब्रिशियस अशा तिघांना खाली फेकलं, हे खरं. उंची साधारण वीस मीटर. पण तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले म्हणून वाचले. फाब्रिशियसला सम्राटाने पुढे सरदारकी दिली, तेव्हा त्याच्या किताबातही या उंच पडण्याचा उल्लेख आला. प्रागमध्ये खिडकीतून फेकलेली माणसं मेली ती १४१९ साली, यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या बंडात. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा दोन घटनांची खिचडी केली आहे.

"लाखो सैनिक रणांगणावर मेले." मेले लाखो, पण बहुतेक रणांगणावर नाहीत आणि बहुतेक सैनिकही नाहीत. पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे सम्राटाच्या छत्राखालच्या मुख्यतः जर्मन संस्थानांच्या समूहाची, लोकसंख्या किती घटली याचे अंदाज सुमारे १५ टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत जातात. त्यातला मोठा वाटा प्लेग, टायफस आणि उपासमारीचा. पगार थकलेली फौज ज्या मुलखात उतरे तिथेच आपलं पोट भरे. सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन याने तर गावागावांतून खंडणी वसूल करण्याची रीतसर व्यवस्थाच लावली होती. मे १६३१ मध्ये मॅग्डेबर्ग पडलं तेव्हा शहरातल्या सुमारे २५ हजारांपैकी २० हजार माणसं कत्तलीत आणि आगीत गेली. पुढच्या वर्षी गणती झाली तेव्हा तिथे ४४९ रहिवासी उरले होते.

आता मूळ दावा: "कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट." कोण कोणाच्या बाजूने लढलं ते बघा. १६१९ मध्ये बोहेमियातल्या (प्राग हीच तिची राजधानी) प्रोटेस्टंट सरदारांनी आपला कॅथलिक राजा फर्डिनंड याला पदच्युत करून कॅल्व्हिनपंथी फ्रेडरिकला गादीवर बसवलं. १६२० मध्ये लुथरपंथी सॅक्सनीचा अधिपती (लुथरपंथी आणि कॅल्व्हिनपंथी हे दोन्ही प्रोटेस्टंटच) याच फर्डिनंडच्या, म्हणजे आता सम्राट झालेल्या कॅथलिकाच्या, मदतीला धावला आणि लुसेशिया प्रांत पदरात पाडून घेतला. बंड मोडल्यावर जून १६२१ मध्ये प्रागच्या चौकात ज्या २७ जणांना देहदंड झाला, त्यांत एक कॅथलिकही होता. १६३० मध्ये लुथरपंथी स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ जर्मनीत उतरला, आणि जानेवारी १६३१ च्या बेर्वाल्डच्या करारानुसार त्याला वर्षाला चार लाख थालर देऊ केले ते कॅथलिक फ्रान्सने. करार घडवणारा रिशेल्यू रोमन चर्चचा कार्डिनल होता, आणि तीनच वर्षांपूर्वी त्याने ला रोशेलला वेढा घालून स्वतःच्या देशातल्या प्रोटेस्टंटांना उपाशी मारून शरण आणलं होतं. एका हाताने घरातले प्रोटेस्टंट चिरडायचे, दुसऱ्या हाताने शेजारच्यांना पैसे पुरवायचे. १६३५ पासून फ्रान्स थेट कॅथलिक स्पेनविरुद्ध लढला. १६४३ मध्ये लुथरपंथी स्वीडनने लुथरपंथी डेन्मार्कवर स्वारी केली. ट्रान्सिल्व्हेनियाचा कॅल्व्हिनपंथी राजा बेथलेन ऑस्ट्रियावर चालून जाई तो तुर्की सुलतानाचा मांडलिक म्हणून.

या भांडणाची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती, त्यामुळे स्पेनशी लढणाऱ्या डचांच्या लेखी गोवाही शत्रूचाच मुलूख. १६३६ पासून डच आरमार वर्षानुवर्षं येऊन मांडवीचं तोंड अडवून बसे. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनविरुद्ध बंड केलं, युरोपात डच आणि पोर्तुगीज दोघांचा वैरी एकच झाला, तरी गोव्याची नाकेबंदी लगेच उठली नाही. मिरी-दालचिनीच्या व्यापाराला पंथाशी देणंघेणं नव्हतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे धर्म हा निव्वळ बहाणा होता, खरं भांडण राजांच्या सत्तेचं. हा मजकुराचाच जुळा भाऊ, आणि तोही लंगडा. कारण मार्च १६२९. सम्राट फर्डिनंड तेव्हा जिंकत होता. डेन्मार्कचा राजा हरला होता, सॅक्सनी आणि ब्रँडेनबर्ग निमूट होते. नुसती सत्ता हवी असती तर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. फर्डिनंडने मात्र फर्मान काढलं, की १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सगळी मालमत्ता, मठ, बिशपांच्या जहागिरी कॅथलिकांना परत करा. त्याच्या स्वतःच्या सेनापतीला, वॉलेनस्टाइनला, हे फर्मान पसंत नव्हतं. सम्राटाचा जेझुइट गुरू लामोर्मेनी मात्र खूश होता. परिणाम असा की आजवर सम्राटाशी एकनिष्ठ राहिलेला सॅक्सनी १६३१ मध्ये स्वीडनला जाऊन मिळाला. हा हिशेब सत्तेच्या वहीत जुळत नाही. फर्डिनंडच्या श्रद्धेच्या वहीत जुळतो. राजा मनापासून धार्मिक असू शकतो आणि त्याच वेळी मुलूखही गिळू शकतो. सतराव्या शतकातल्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा म्हटलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

"धर्म राजकारणातून हद्दपार झाला." मजकुरातलं हे सर्वांत चुकीचं वाक्य, आणि सर्वांत जास्त आवडीने उचललं जाणारं. २४ ऑक्टोबर १६४८ च्या तहांनी केलं ते बरोबर उलटं: धर्म साम्राज्याच्या कायद्यात कलमवार बसवला. १ जानेवारी १६२४ ही तारीख धरली. त्या दिवशी कुठलं चर्च, कुठला मठ कोणाच्या ताब्यात होता ते बघायचं आणि तीच स्थिती कायम. कॅथलिक आणि लुथरपंथी यांच्यात झालेल्या १५५५ च्या तहात जागा न मिळालेल्या कॅल्व्हिनपंथीयांना आता मान्यता मिळाली. बाकी पंथांना नाही. साम्राज्याच्या सभेत धर्माचा विषय निघाला की बहुमताने निर्णय नाही: कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन गट वेगळे बसणार आणि समेटानेच मार्ग काढणार. ऑग्सबर्ग शहरात नगराची पदं दोन्ही पंथांत निम्मीनिम्मी वाटली. सम्राटाने ऑस्ट्रिया-बोहेमिया या स्वतःच्या खासगी मुलखाला मात्र या सवलती फारशा लागू होऊ दिल्या नाहीत. बोहेमियातून परागंदा झालेले प्रोटेस्टंट परागंदाच राहिले.

ओस्नाब्रुकचं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथल्या बिशपच्या गादीवर दोन्ही पंथांचा दावा. तहाने तोडगा काढला: एकदा कॅथलिक बिशप, तो गेला की प्रोटेस्टंट, पुन्हा कॅथलिक. प्रोटेस्टंटांची पाळी आली की तो ब्रुन्सविक-ल्युनेबुर्ग घराण्यातला राजपुत्र असायचा. १७६४ मध्ये पाळी आली तेव्हा निवड झाली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या मुलाची, फ्रेडरिकची. (पेशवाई बुडाली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता तोच हा जॉर्ज.) बिशपमहाराजांचं वय तेव्हा सहा महिने. धर्म आणि राजकारण वेगळे झाल्याची ही खूण असेल, तर एकत्र असताना काय होत असेल याची कल्पना करावी.

एक गोष्ट तहाच्या बाजूने सांगायलाच हवी. राजाने पंथ बदलला की प्रजेनेही बदलायचा, या जुन्या रिवाजाला १६२४ च्या तारखेने वेसण घातली. १६९७ मध्ये पोलंडची गादी मिळावी म्हणून सॅक्सनीचा ऑगस्टस कॅथलिक झाला; प्रजा लुथरपंथीच राहिली. हे मोठं काम होतं. पण याला धर्मनिरपेक्षता म्हणत नाहीत. आणि पोपने तहाचं स्वागत केलं, अशी एक पुरवणी काही ठिकाणी जोडलेली दिसते, तीही खोटी. दहाव्या इनोसंटने तह रद्दबातल असल्याचं जाहीर केलं होतं. कोणी लक्ष दिलं नाही, हा भाग निराळा.

"सार्वभौम राष्ट्रं जन्मली." साम्राज्यातल्या संस्थानिकांना बाहेरच्यांशी करार करायची मुभा मिळाली, पण सम्राट आणि साम्राज्याविरुद्ध नाही, अशा अटीवर. साम्राज्य स्वतः १८०६ पर्यंत टिकलं. स्वीडनला पोमेरेनियाचा पश्चिम भाग मिळाला तो साम्राज्याचा घटक म्हणून. स्वीडनच्या राणीला साम्राज्याच्या सभेत आपला प्रतिनिधी बसवायचा हक्क मिळाला. ही आजच्या अर्थाची राष्ट्रं नव्हेत.

राहता राहिलं "त्यानंतर रक्त सांडलं नाही." १६५५ मध्ये सव्हॉयच्या फौजेने वाल्डेन्स या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची कत्तल केली. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारं नांतचं फर्मान रद्द केलं आणि सुमारे दोन लाख प्रोटेस्टंट फ्रान्स सोडून गेले. जे सेव्हेनच्या डोंगरात उरले त्यांनी १७०२ मध्ये बंड केलं. १७१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कँटनांत युद्ध झालं. इंग्लंडने १७०१ च्या कायद्याने कॅथलिकांना गादीची दारं बंद केली. कॅथलिकाशी लग्न केल्याने गादीचा हक्क जाण्याची अट २०१३ च्या कायद्याने काढली, पण राजा कॅथलिक असू शकत नाही, हे अजून तसंच आहे.

आणि १७३१ मध्ये साल्झबर्गचा आर्चबिशप फिर्मियान याने सुमारे २० हजार लुथरपंथी प्रजेला हाकलून दिलं. वेस्टफालियाच्या तहात अशा स्थलांतरासाठी तीन वर्षांची मुदत होती. फिर्मियानने त्यांना बंडखोर ठरवलं आणि मुदत नाकारली: शेतजमीन नसलेल्या मजुरांनी आठ दिवसांत, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, निघायचं. रेगेन्सबर्गला भरणाऱ्या साम्राज्याच्या सभेत प्रोटेस्टंट गटाने तक्रार केली ती तहातलीच कलमं पुढे ठेवून. प्रशियाच्या राजाने त्यांतल्या बहुतेकांना पूर्व प्रशियात, प्लेगने ओस पडलेल्या गावांत वसवलं. त्यालाही शेती करणारे हात हवेच होते.