चमचा, नारळ आणि डोरलं

परवा शाळेतून परत येताना पानठेल्यावर थांबलो, तर एक पोरगा मोबाईलवर उरी गेलरचा जुना व्हिडिओ दाखवत होता. तोच, बोटाने चोळून चमचा वाकवणारा. "सर, हे खरं हाय काय जी?" मी म्हटलं, नाही. "मंग तुम्ही करून दाखवा." ठेल्यावरचा चहाचा चमचा घेतला आणि दिला वाकवून. (मला येतं थोडंफार. घरातले किती चमचे कामातून गेले ते आमच्या सौ. सांगतील.) चार पोरं हसली, पण ठेलेवाला शांतपणे म्हणाला, "तुमची हातसफाई हाय सर. त्याच्यात पावर हाय."

झालं. या एका वाक्यावर जगभरातले जादूगार पन्नास वर्षं डोकं आपटत बसले होते.

गेलर १९४६ चा, तेल अवीवचा. जादूगारांना त्याचा राग होता, पण तो चमच्याचा नव्हता. चमचा तर त्यांच्यातल्या कितीतरी जणांना वाकवता येत होता. राग एवढाच की हा गडी म्हणायचा, ही युक्ती नाही, ही माझ्या मनाची शक्ती आहे. स्टेजवर तेच करायचं जे जादूगार करतो, आणि वर सांगायचं की मी जादूगार नाहीच. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत त्याच्यावर प्रयोग झाले. १९७४ मध्ये 'नेचर'सारख्या नियतकालिकात त्यावर लेखही आला, अर्थात प्रयोगातल्या उणिवा सांगणारं संपादकीय सोबत जोडून. चमच्याबद्दल मात्र नीट बंदोबस्तात प्रयोग करता आला नाही, हे त्या शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलंय.

जादूगारांतला सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे जेम्स रॅण्डी. १ ऑगस्ट १९७३ ला गेलर अमेरिकेतल्या जॉनी कार्सनच्या गाजलेल्या टीव्ही शोवर आला. कार्सन स्वतः तरुणपणी जादूचे प्रयोग करायचा, म्हणून त्याच्या माणसांनी आधी रॅण्डीला विचारलं. रॅण्डीचा सल्ला अगदी साधा होता. सामान तुमचं वापरा, आणि शोच्या आधी गेलरला किंवा त्याच्या माणसांना त्या सामानाजवळ फिरकू देऊ नका. टेबलावर चमचे होते आणि धातूच्या छोट्या डब्या होत्या. एका डबीत पाणी, कोणत्या ते ओळखायचं. वीसेक मिनिटं गेलर नुसता डब्यांवरून हात फिरवत राहिला. आज जोर वाटत नाही, म्हणाला. काहीच झालं नाही.

पाण्याची डबी. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं नाही, आमचं वावर आठवलं.

आमचं गाव दारव्ह्याकडचं. काळा पाषाण, वर हातभर माती, पावसावर कपाशी आणि तूर. २०१२ ला बाबांनी बोअर मारायचं ठरवलं आणि जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावलं. हा माणूस आमच्या पंचक्रोशीत नावाजलेला, पैशाचा लोभी मुळीच नाही, देईल ते घेणारा. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि धुऱ्याधुऱ्याने चालायला लागला. चप्पल काढलेली. आम्ही मागे. वारुळापाशी, उंबराच्या अलीकडे, नारळ हलला आणि सरळ उभा राहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. बाबांनी तिथेच दगड पुरला.

रात्री बोअर मारणारी तामिळनाडूची गाडी आली. ३२० फूट. सकाळपर्यंत नुसता पांढरा धुरळा उडत होता, वावरातली पऱ्हाटी चुन्याने रंगवल्यासारखी दिसत होती. पाणाड्या परत आला, वीस पावलांवर दुसरी जागा दाखवली. तीही कोरडी. दोन्ही मिळून पन्नासेक हजार जमिनीत गेले, त्यातले निम्मे हातउसने.

नारळ का उभा राहतो, ते मला पुढे कळलं. आडवा नारळ ताणलेल्या तळव्यावर मुळातच डळमळता असतो, हाताची बारीकशी हालचालही त्याला पुरते. आणि माणसाचं मन जिथे 'इथं पाणी असणार' म्हणतं, तिथे त्याचा हात त्याच्या नकळत हलतो. विल्यम कार्पेंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने १८५२ मध्येच या नकळत हालचालीला नाव दिलंय. आमचा पाणाड्या लबाड नव्हता. वारूळ, उंबर, हिरवं गवत हे सगळं त्याचे डोळे वाचत होते आणि नारळ उभा करत होता त्याचाच हात. विहिरींच्या काळात त्याचं नाव झालं, कारण वरच्या मुरुमात चाळीस फुटांवर कुठेही खणा, थोडंफार पाणी लागायचंच. बोअर खालच्या अखंड खडकात जातो. तिथे भेग सापडली तर पाणी, नाहीतर धुरळा.

गेलरने स्वतःच सांगितलंय की कंपन्यांसाठी जमिनीखालचं तेल आणि खनिजं शोधून त्याने भरपूर पैसा कमावला. तिथलं खरंखोटं तिथले पाहून घेतील. मला पाणाड्याचं दुसऱ्या दिवशीचं बोलणं आठवतं. "पाणी व्हतं जी. तुमच्या घरचं कोनीतरी चप्पल घालून मांगं चाललं, वाट बदलली." बाबांनी मान डोलावली. चप्पल घालून मीच होतो. अजूनही घरात विषय निघाला की तो बोअर माझ्या खात्यावर असतो.

आणि कार्सनच्या शोनंतर काय झालं? गेलरला वाटलं आपण संपलो. लगेच दुसऱ्या एका मोठ्या शोचं आमंत्रण आलं, असं तो स्वतः सांगतो. लोकांचं म्हणणं पडलं, युक्ती असती तर दरवेळी जमली असती, फसली म्हणजे खरी शक्तीच असणार. रॅण्डीने सापळा चोख लावला होता. ज्याला विश्वास ठेवायचाच आहे, त्याच्यापुढे सापळ्याचं काय चालतं!

पण सगळा दोष गेलरच्या माथी मारला की माझी गाडी अडते. २०२३ च्या जानेवारीत बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींची नागपूरची रामकथा, आणि मनातलं ओळखून दाखवा म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या श्याम मानव यांनी त्यांना दिलेलं तीस लाखांचं आव्हान आठवत असेल. त्या दिवसांत सुहानी शाह ही जादूगार टीव्हीवर दिसायची. पत्रकारांच्या मनातली नावं सांगायची आणि वर स्पष्ट सांगायची की ही कला आहे, दैवी काही नाही. म्हणजे जादूगारांना गेलरकडून जे हवं होतं, ते ही पोरगी न मागता देत होती. आमचे काका चष्मा पुसत काय म्हणाले? "सिद्ध हाय थे पोरगी. तिलेच मालूम नाई." शंभर वर्षांपूर्वीचा नामांकित जादूगार हुडिनी गळा फाडून सांगायचा की मी युक्त्या करतो, तरी शेरलॉक होम्स लिहिणारा आर्थर कॉनन डॉयल मानायचा की हुडिनीत खरी शक्ती आहे आणि तो ती लपवतो. म्हणजे आमचे काका काही एकटे नाहीत.

२००७ च्या अखेरीस गेलरने जर्मनीतल्या जादूच्या एका मासिकाला सांगितलं की यापुढे अलौकिक शक्तीचा दावा करणार नाही, मी मनोरंजन करणारा. २०२० मध्ये रॅण्डी गेला. २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठा लेख आला की जादूगारांचा पन्नास वर्षांचा रुसवा आता मावळतोय. म्हणे काय बिघडलं, त्याने लोकांना थरार दिला, जादूकडे वळवलं. मला हे वाचून चीड आली. त्यांचं काय गेलं होतं? धंद्याची शिस्त गेली होती, फार तर अहंकार दुखावला होता. तेवढं कोणीही माफ करेल. वावरात दोन कोरडे बोअर असलेल्याला विचारा. ज्याला आतून ठाऊक आहे की ही युक्ती आहे, आणि तरी जो 'शक्ती' म्हणतो, तो माझ्या लेखी पाणाड्यापेक्षा खालचा. पाणाड्याला निदान ठाऊक नव्हतं.

हे इतक्या ठसक्यात लिहितोय खरं, पण मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो आणि थांबतो.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी मी वीस मिनिटं जादू करतो. सुरुवातीलाच माईकवर सांगतो, ही हातचलाखी आहे, यात मंत्रतंत्र काही नाही. शेवटी मनातलं नाव ओळखायचा प्रयोग. एका बाईने मनात धरलेलं तिच्या माहेरच्या म्हशीचं नाव मी पाटीवर लिहून दाखवलं आणि मंडप दणाणला. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरत होतो, तर एक माय आली. वाकून पाया पडली. "सर, माह्यं डोरलं गेलं जी, चार दिवस झाले. घरात कोनाले सांगतलं नाई. पाहून सांगा ना."

एक क्षण, खरं सांगतो, मला ते आवडलं. तिचे ते डोळे माझ्याकडे लागलेले. 'मंगळसूत्र घरातच आहे' एवढं म्हटलं असतं तरी ती समाधानाने गेली असती, आणि बरेचदा ते खरंही निघालं असतं. त्या क्षणी गेलर मला नको तितका जवळचा वाटला. मग भानावर आलो. म्हटलं, माय, मला काही दिसत नाही, ही फसवाफसवीची करामत आहे, तू शांतपणे सगळीकडे शोध, आणि घरच्यांना सांग. पाटीची युक्ती अर्धी उलगडूनही दाखवली. तिने सगळं ऐकलं, होय जी, होय जी करत गेली.

आठ दिवसांनी शाळेच्या दारात उभी. पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला.

"सापडलं जी सर. तुम्ही म्हनल्यावानी कोठ्यातच व्हतं, गव्हानीखाली."

मी गोठ्याचं नावही काढलं नव्हतं.