रिफ्यूज्ड म्हणजे थांबा

अमेरिकेतल्या पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय, पासपोर्टवरचा एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा संपलाय आणि डिसेंबरात घरी जाऊन यायचा विचार आहे? अगदी जा. आईला भेटाल, चार दिवस आराम कराल आणि जाताजाता ‘स्टॅम्पिंगही उरकून’ याल, म्हणजे वकिलातीतून पासपोर्टवर नवा व्हिसा लावून. ‘उरकून’ हा शब्द मीच वापरला होता, प्रोफेसरांकडे रजा मागताना. रजा तीन आठवड्यांची होती. परत आले फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा अनुभवाचे बोल आहेत, फुकट देते आहे, घ्या.

सगळ्यात आधी, नातेवाइकांना समजावणं सोडा. व्हिसा ही फक्त दारातून आत यायची चिठ्ठी. आत राहणं चालतं ते युनिव्हर्सिटीने दिलेला आय-२० हा कागद आणि देशात शिरताना होणारी आय-९४ ही नोंद यांच्यावर. आणि आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ लिहिलेलं असतं, म्हणजे नियमाने शिकताय तोवर राहा. हे मी काकांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान डोलावली आणि आवाज खाली आणून विचारलं, “म्हणजे सध्या तू तिथे बेकायदा राहतेस का गं?” (‘डी/एस’ काढून त्या जागी जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत घालायचा प्रस्ताव २०२५च्या ऑगस्टमध्ये आलाच आहे. तो काकांना लगेच कळेल.)

व्हिसा पाच वर्षांचा आणि पीएचडी साडेपाच-सहा वर्षांची, हा हिशोब कुणी केला असं विचारू नका. ज्याने केला त्याने पीएचडी केलेली नसावी.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरताना शेजारी चहा ठेवू नका. चहा प्यायला वळलात, वीस मिनिटं फॉर्मला हात लागला नाही, की तो तुम्हाला बाहेर काढतो. अमेरिकेत याआधीच्या पाच खेपांना कोणत्या तारखेला उतरलात ते आठवून लिहा. या तारखा त्यांच्याकडे आहेत, त्यांनीच शिक्के मारलेत. पण तुमची स्मरणशक्ती तपासायला नको? दहा बोटांचे ठसे याआधी दिलेत का, तर हो लिहा, आणि मग पुन्हा द्यायला जा. मानवी अवयव बळजबरीने काढून घेण्यात तुमचा थेट सहभाग होता का, याचंही खरं उत्तर द्या. पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती लिहा, आणि जून २०२५पासून ती सगळ्यांना दिसतील अशी उघडीही ठेवा. मी माझं खातं उघडं केलं. त्यात मातीचे सत्तर फोटो आहेत.

मुलाखतीचा स्लॉट, म्हणजे तारीख, कशी मिळते याबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्हाला माहीत आहे.

‘ड्रॉपबॉक्स मिळेल गं, मुलाखत द्यावीच लागणार नाही, काळजी करू नकोस’ असं सांगणाऱ्या सीनियरला त्याचं स्टॅम्पिंग कोणत्या साली झालं ते विचारा. २ सप्टेंबर २०२५पासून विद्यार्थ्यांसाठी ते दार बंद आहे.

तिसऱ्या देशात जाऊन करून घेईन, असा हुशार विचार असेल तर तोही सोडा. त्याच महिन्यात सांगून टाकलंय, की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता तिथेच मुलाखत द्या. मी राहते अमेरिकेत. अमेरिकेत अमेरिकेची वकिलात असती तर मी आनंदाने तिथे गेले असते.

मुलाखतीला फोन नेऊ नका आणि विनोदबुद्धीही नेऊ नका. कायद्याचं २१४ बी हे कलम असं मानून चालतं, की तुम्ही तिकडे कायमचं राहायलाच निघालाय. तसं नाही हे तुम्ही पटवायचं. शिक्षण झाल्यावर परत याल का? अहो, आलेच आहे की! त्यासाठीच तर इथे रांगेत उभी आहे. हे म्हणायचं नाही.

संशोधनाबद्दल विचारलं तर दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं सांगा, असा सगळ्यांचा सल्ला असतो. मी तसंच सांगितलं. शेतात खत टाकतो, त्यातला नायट्रोजन पिकाला मिळायच्या आधीच जमिनीतले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात, तो कसा कमी करता येईल ते मी बघते. आता हे वाक्य खिडकीच्या त्या बाजूने ऐका. खत. नायट्रोजन. जिवाणू. वायू. दहा वर्षांच्या मुलाला कळलं असतं हो, पण त्या खिडकीत दहा वर्षांचा मुलगा बसलेला नसतो. जो होता तो माणूस वाईट नव्हता. “छान विषय आहे,” म्हणाला, बराच वेळ टाइप करत राहिला आणि त्याने एक कागद सरकवला. २२१ जी, म्हणजे आत्ता व्हिसा नाही, आधी आणखी तपास. सीव्ही, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा तपशील आणि मार्गदर्शकांचं पत्र ईमेलने पाठवा. त्याच रात्री पाठवलं.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर स्टेटस आलं, ‘रिफ्यूज्ड’. घाबरू नका. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नाकारलं नव्हे, ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे थांबा. नाकारलं तरी तिथे हेच लिहितात, पण तो फरक तुम्ही ओळखायचा. आई रोज पहाटे ते पान उघडायची. तिला ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’ (या थांबण्याचं सरकारी नाव) म्हणजे काय हे कळत नव्हतं, ‘रिफ्यूज्ड’ कळत होतं. तिने देव पाण्यात घातले. मी ईमेल घालत होते. दोघींना सारखंच उत्तर येत होतं, फक्त देवाचं उत्तर टेम्प्लेटमधून येत नव्हतं. ‘आपल्या अर्जावर प्रक्रिया सुरू आहे.’ कसली? कोण करतंय? माझ्या सत्तर फोटोंमधली माती कुणी चाळतंय का? तिसऱ्या आठवड्यात सेमिस्टर सुरू झालं. माझे टीचिंगचे तास दुसऱ्याला गेले, म्हणजे पगार गेला. खोलीचं भाडं मात्र नियमाने जात होतं, त्याला २२१ जी लागलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात प्रोफेसरांनी ‘काही कळलं का?’ विचारणं थांबवलं. सातव्या आठवड्यात काकांनी सुरू केलं. नवव्या आठवड्यात एक ओळीचा निरोप आला, पासपोर्ट जमा करा, म्हणजे व्हिसा मंजूर. काय तपासलं, काय सापडलं, काय सापडलं नाही, ताकास तूर नाही.

जाऊ दे. उपरोध इथून पुढे जमत नाही मला.

तपासा ना! कोण नको म्हणतंय? पाच वर्षं मी त्यांच्या सेविसमध्ये, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत, आहे. घर बदललं की दहा दिवसांत कळवते. दर सेमिस्टरला नाव नोंदवलं का, हे युनिव्हर्सिटी त्यांना सांगते. माझ्या शेजाऱ्यांना माझ्याबद्दल माहीत नाही तेवढं त्यांना माहीत आहे. तरीही पुन्हा तपासायचं तर तपासा, पण अर्जाचे १८५ डॉलर घेता तर कधीपर्यंत ते तरी सांगा. चार आठवडे म्हणा, चार महिने म्हणा. चार महिने म्हणाला असतात तर मी त्या डिसेंबरात विमानातच बसले नसते. आईनेच सांगितलं असतं, नको येऊस. तारीख न सांगणं यात कसली आली सुरक्षा? हा निव्वळ आळस आहे, समोरचा काही करू शकत नाही म्हणून चालणारा.

आणि आपले लोक! मी तिथे दिवस मोजत बसलेले, आणि ग्रुपवर उंटावरचे शहाणे. ‘डोळ्यात डोळे घालून बोललीस का?’ ‘कॉन्फिडन्ट राहायचं असतं.’ ‘माझं तर चार दिवसांत आलं, फक्त स्पष्ट बोललो.’ अरे बाबा, तू फायनान्स शिकतोस! तुझ्या वाक्यात जिवाणू नव्हते. तुझं नशीब होतं, त्याला स्वतःची कर्तबगारी म्हणून मिरवू नकोस, आणि ज्याचं अडलंय त्याच्या तोंडावर तर मुळीच नको. ‘तुझं काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य मी नऊ आठवड्यांत इतक्यांदा ऐकलं, की रात्री अंथरुणात पडून मीच शोधायला लागले होते, काय चुकलं ते. काही चुकलं नव्हतं.

मातीचे नमुने दर आठवड्याला घ्यायचे असतात. दोन हिवाळे मी एकही आठवडा चुकवला नव्हता. या वेळी लॅबमधल्या ज्युनियरने जमतील तितके घेतले, मग त्याची क्वालिफाइंग परीक्षा आली. गोठलेली जमीन फेब्रुवारीत पहिल्यांदा वितळली आणि त्याच आठवड्यांत तो वायू भसाभसा सुटतो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. माझ्या आलेखात तिथे तीन आठवडे रिकामे आहेत. थीसिसमध्ये त्याखाली तळटीप द्यावी लागेल. ती कशी लिहायची, तेवढं कॉन्फिडन्टवाल्यांनी कळवा.