थँक्सगिव्हिंगचे कोठार आणि निवृत्तीचा हिशेब

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा दिवस, जवळ आला की अमेरिकेत प्लिमथ या जुन्या इंग्रज वसाहतीची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी कष्ट केले, पीक चांगले आले आणि मूळ रहिवाशांना सोबत घेऊन त्यांनी देवाचे आभार मानले, इतकी ती सुटसुटीत असते. निवृत्तीबद्दलही या देशात जवळपास अशीच गोष्ट ऐकवली जाते: तरुणपणी कष्ट करा, दरमहा न चुकता पैसे बाजूला टाका, म्हातारपण सुखात जाईल. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माझ्यासारख्या इथल्या अनेक मराठी माणसांना जी काळजी पोखरते आहे, ती या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवल्यामुळे अधिकच बोचते, असे मला वाटते. पैसे पुरणार नसतील तर आपणच कुठेतरी कमी पडलो, असा तिचा अर्थ निघतो.

म्हणूनच १६२१ साली खरोखर काय घडले ते नीट पाहावे. ही वसाहत करणाऱ्या लोकांचे मेफ्लॉवर जहाज १०२ प्रवाशांना घेऊन नोव्हेंबर १६२० मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडला लागले आणि पुढच्या वसंतापर्यंत त्यांतले जवळपास निम्मे लोक मरण पावले. किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना मूळ रहिवाशांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका सापडला आणि तो त्यांनी उचलून नेला. हे बियाणे हाती आले नसते तर पुढच्या वर्षी उपाशी मरण्याची वेळ आली असती, हे पुढे वसाहतीचे गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्ड यांनीच लिहून ठेवले आहे. तो मका कसा पेरायचा, मातीत खत म्हणून मासे कसे घालायचे, हे शिकवणारा टिस्क्वांटम स्वतः पटक्सेट गावचा होता. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून नेले होते आणि तो परतला तेव्हा त्याचे सारे गाव साथीच्या रोगाने संपले होते. त्याच ओसाड गावाच्या जागेवर प्लिमथ वसले. तिथल्या वाम्पानोआग या मूळ रहिवाशांचा प्रमुख ऊसामेक्विन, ज्याला वसाहतीतले लोक मॅसासॉइट म्हणत, त्याने मार्च १६२१ मध्ये केलेल्या तहामुळे त्या मूठभर माणसांना निर्धास्तपणे शेती करता आली. एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात नोंदलेली, तीन दिवस चाललेली मेजवानी त्यानंतरची. तिला ऊसामेक्विनसोबत सुमारे नव्वद माणसे आली होती आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली होती. वाम्पानोआगांच्या वंशजांपैकी अनेक जण १९७० पासून याच दिवशी प्लिमथमध्ये शोकदिन पाळतात, हेही विसरता येत नाही.

गोष्टीत सहसा न येणारा भाग यापुढचा आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेजवानीनंतर काही आठवड्यांतच ‘फॉर्च्युन’ नावाचे जहाज ३५ नव्या माणसांना घेऊन आले. त्यांच्यासोबत शिधा जवळपास नव्हताच. कोठारातल्या धान्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला आणि सगळ्यांचा शिधा निम्म्यावर आणला गेला. पीक बुडाले नव्हते, कोणी आळसही केला नव्हता. ज्या तोंडांचा हिशेब धरलाच नव्हता ती तोंडे दारात उभी राहिली होती.

निवृत्तीचा हिशेब नेमका असाच चुकतो. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, ६५ व्या वर्षी मिळते, पण कोणी अंथरुणाला खिळले तर दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च ते सहसा देत नाही. भारतातल्या आईवडिलांचे आजारपण, मुलाची गेलेली नोकरी, बाजार पडलेला असतानाच घ्यावी लागलेली निवृत्ती, यांतले काहीही ४०१(के), म्हणजे नोकरीतून चालणाऱ्या निवृत्ती-बचत खात्याच्या, तक्त्यात नसते. हे खाते मुळात १९७८ च्या एका करकायद्यातल्या कलमातून निघाले. पुढे खाजगी कंपन्यांनी ठरावीक पेन्शन हळूहळू बंद करत नेली आणि किती वर्षे जगणार, बाजार कसा वागणार, हा सगळा धोका एकेका घराच्या अंगावर आला.

आपल्या लोकांची अडचण आणखी वेगळी आहे. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची, रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते. जो माणूस चाळिशीच्या आसपास इथे आला, त्याच्या हिशेबात उरलेली वर्षे शून्य म्हणून धरली जातात. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी स्त्रियांना वर्षानुवर्षे नोकरीची परवानगीच नव्हती. जोडीदाराच्या नावावर त्यांना त्याच्या पूर्ण रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकते, पण संसारासाठी दिलेली ती वर्षे त्यांच्या स्वतःच्या खात्यात कोरीच राहतात. यात त्यांच्या काटकसरीचा दोष कुठे आहे?

थँक्सगिव्हिंग ही राष्ट्रीय सुट्टी झाली ती १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, संपादिका सारा जोसेफा हेल यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर लिंकन यांनी काढलेल्या जाहीरनाम्याने. चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीने. त्याच रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली होती. व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना जानेवारी १९४० मध्ये या योजनेतला पहिला मासिक धनादेश मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्या शंभर वर्षे जगल्या आणि पैसे अखेरपर्यंत येत राहिले. इतकी वर्षे पुरेल एवढे स्वतःच्या बचतीतून साठवणे बहुतेकांना शक्य नसते. ते सामायिक कोठारालाच जमते.

हे कोठार आज अडचणीत आहे. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल आणि त्यानंतर येणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या सुमारे ७७ टक्केच देता येतील. सगळे बुडाले, असा याचा अर्थ मुळीच नाही, पण केवळ याच पैशांवर जगणाऱ्या वृद्धेसाठी तो निम्म्या शिध्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे. १९८३ मध्ये असेच संकट आले तेव्हा दोन्ही पक्षांनी मिळून मार्ग काढला होता, मात्र त्यात पूर्ण निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत वाढवले गेले. या खेपेस पुन्हा वय वाढवण्याला माझा विरोध आहे, कारण शरीर झिजवून काम करणाऱ्याला ती सरळ कपात ठरते. सोशल सिक्युरिटीसाठी पगारातून कापला जाणारा ६.२ टक्क्यांचा कर एका मर्यादेच्या वरच्या पगारावर लागत नाही; २०२५ मध्ये ती मर्यादा १,७६,१०० डॉलर होती. ही मर्यादा आधी उठवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ती उठल्यास आपल्यातल्याच अनेकांना जास्त कर भरावा लागेल, हे मी जाणून आहे.

तोपर्यंत एक विनंती आहे. या सुट्टीत घरातली माणसे एकत्र येतील तेव्हा पैशांचा विषय लाज न बाळगता काढा आणि नवराबायको दोघांनीही सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपापल्या कमाईची वर्षवार नोंद उघडून पाहा. एखादे वर्ष चुकून कोरे राहिले असेल तर जुने पगारपत्रक किंवा डब्ल्यू-२ (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे व कराचे पत्रक) शोधून लगेच दुरुस्ती मागा, कारण साधारण सव्वातीन वर्षे उलटली की अशी दुरुस्ती काही ठरावीक कारणांसाठीच करून मिळते. ६२ व्या वर्षी रक्कम घेतली तर ती ३० टक्क्यांपर्यंत कमी होते आणि ७० पर्यंत थांबल्यास वाढते. कोणी कधी सुरू करायची, हे दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून ठरवा.